टॅरिफ २०२५ चं, धडा १८६५ चा

७ एप्रिल २०२५. ट्रम्पच्या टॅरिफने सेन्सेक्स २,२२६ अंकांनी आपटला. मुंबईने असलं आधीही पाहिलंय, मंडळी. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लिंकनने दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरबाजारात शिरला; बॅक बे कंपनीचा शेअर दहापट चढला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली नि भलेभले बुडाले. प्रेमचंद रायचंदही सुटले नाहीत. शेअरवर कर्ज वाटणारी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली.

मुळशीत जमीन विकून आलेला पैसा एफ अँड ओ मध्ये घालणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगेन: वायदा तोच आहे, फक्त आता मोबाईलवर आलाय. गेलेली जमीन परत येत नाही.