खड्डा, घोडी आणि लिफ्ट

स्मरणिका समितीने या वेळी सभासदांकडून परिसराच्या इतिहासावर लेख मागवले. संभाजी महाराजांच्या समाधीवर आणि वढूच्या जुन्या काळावर लिहिणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक आपल्यात आहेत. मी आयुष्यभर गाड्यांच्या खाली काम केलेला माणूस, त्यामुळे माझा इतिहास गाडीखालचाच. गाडी जमिनीवरून उचलायची कशी हा प्रश्न लोकांनी कसकसा सोडवला, आणि त्यातलं एक सेकंड हँड यंत्र आपल्या सोसायटीत, माझ्या गॅरेजात कसं आलं, एवढंच सांगतो. त्यावरून दोन सर्वसाधारण सभा गाजल्या होत्या, हे जुन्या सभासदांना आठवत असेलच.

सुरुवात बैलगाडीपासून करू. भीमाकाठच्या या गावांत ऊस वाहायचा तर गाडी सारखी चालती पाहिजे, आणि चालती ठेवायची तर आसाला वंगण पाहिजे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. दोघं जण वाशाचा रेटा देऊन एक बाजू उचलायचे, तिसरा टेकू सरकवायचा, मग खीळ काढून चाक बाहेर. गाडी मोटारीची झाली तरी हे तीन भाग तसेच राहिले: रेटा, टेकू, आणि खाली हात घालणारा माणूस. टेकू सरकला तर बैलगाडीखाली बोटं जायची, मोटारीखाली माणूस जातो.

आपल्या नगर रोडचं या इतिहासात मानाचं स्थान आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला निघाली ती याच रस्त्याने. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्यांची नावं इतिहासात राहिली, हे योग्यच झालं. पण बस धावली म्हणजे रात्री कुणीतरी तिच्या खाली उतरलं असणार, त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. दापोडीला एसटीचा मोठा वर्कशॉप आहे, गावोगावी डेपो आहेत, आणि प्रत्येक डेपोत असतो तो खड्डा, म्हणजे पिट. बस वर, मेकॅनिक खाली.

खड्ड्याला वीज लागत नाही आणि तो कुणाच्या अंगावर पडत नाही, हे त्याचे मोठे गुण. म्हणूनच महाराष्ट्रातल्या गॅरेजांनी तो इतकी वर्षं सोडला नाही. दोष मात्र खाली उतरलेल्यालाच कळतात. पावसाळ्यात पाणी भरतं. आपल्याकडे विंचू निघतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात जाऊन बसते, वरून दिसत नाही, आणि हॅन्डलॅम्पचा बल्ब फुटला की पुढचं सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे खड्ड्यावर उभ्या गाडीची चाकं जमिनीवरच टेकलेली असतात. ब्रेक, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट यांचं काम असेल तर वरून पुन्हा जॅक लावावा लागतोच.

मी १९७८ साली पुण्यात एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. स्कूटरचा नंबर लागायला लोक वर्षानुवर्षं थांबत होते तो काळ. स्कूटरचं एक बरं, आडवी केली की झालं. मोटार आडवी करता येत नाही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." उचलून झालं की खाली लोखंडी घोडी लावायची, गाडी घोडीवर सोडायची, मगच अंग आत घालायचं. जॅकमधल्या तेलाची सीलं कधी दगा देतील सांगता येत नाही, घोडीला सीलच नसतं.

पुढे मी दुसऱ्या एका गॅरेजात गेलो, तिथे चार गाड्यांना मिळून दोनच घोड्या होत्या. बाकी ठिकाणी विटा. माझा जोडीदार सायलेन्सर सोडवायला आत गेला, सुटत नव्हता म्हणून त्याने खालून हिसका दिला, वीट फुटली. बाकीचं मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना काय मिळालं तेही लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही मिळालंच नाही. आपल्या सभेत एका सभासदांनी विचारलं होतं, "काका, या वयात एवढं मोठं धूड कशाला घेताय, जॅकवर भागत नाही का?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, ते हे.

आता लिफ्टकडे येतो. मूळ तत्त्व पास्कलचं: कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पसरतो. त्यावर जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. पण मोटार उचलायला ते वापरावं हे सुचलं अमेरिकेत, मेम्फिस गावच्या पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकला, आणि सुचलं म्हणे न्हाव्याची खुर्ची बघून. पायाने दाबली की गिऱ्हाईक वर. त्याला १९२५ साली पेटंट मिळालं. शोध लावणारा इंजिनिअर नव्हता, गाडीखाली पडून कंटाळलेला आपल्यासारखाच माणूस होता, याचा मला फार आनंद वाटतो.

त्याच जातीचा लिफ्ट आपण सर्वांनी सर्व्हिस स्टेशनवर पाहिलाय: जमिनीतून एकच जाड चकचकीत खांब वर येतो आणि गाडी फिरवून धुतात. कॉम्प्रेसरची हवा टाकीतल्या तेलावर दाब देते, तेल खांबाला ढकलतं. हिशोब सोपा आहे. समजा खांबाचा व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ८ किलो धरला तर उचल ३९०० किलोच्या वर जाते. टायरमध्ये हवा भरणाऱ्या यंत्राच्या जोरावर अख्खी ॲम्बॅसॅडर वर! फक्त तो खांब नेमका गाडीच्या मध्यभागी येतो, म्हणून धुण्या-ग्रीसिंगला ठीक, गिअरबॉक्स उतरवायला अडचण.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि गॅरेजचं चित्र पालटलं. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याला लागूनच, पुढच्याच चाकांना ताकद. क्लच प्लेट बदलायची तर ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खालून उतरवायची. चाकं लटकती हवीत आणि पोट मोकळं हवं. ही सोय दोन खांबांचा लिफ्ट देतो. दोन्ही बाजूंना खांब, त्यांना चार हात, हात गाडीच्या सांगाड्याखाली घालायचे. पुढे पुण्यात टेल्कोची इंडिका आली, रांजणगावला फियाटचा कारखाना आला, नगर रोडला शोरूम वाढले आणि हे लिफ्ट सगळीकडे दिसू लागले. कोइमतूरच्या एल्जीचे लिफ्ट मी खूप वापरले.

सेकंड हँड लिफ्ट बाजारात कुठून येतात? शोरूम बंद पडले की. २०१७ साली जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करणार असं जाहीर केलं. डीलर लोकांची कंबर मोडली, कामगार घरी बसले. अशा वेळी टेबल-खुर्च्या आधी जातात, लिफ्ट शेवटपर्यंत पडून राहतात, कारण ते न्यायला क्रेन लागते आणि बसवायला जागा. मी निवृत्त झाल्यावर शोध सुरू केला. आधी नाना पेठेत ओळखीच्या दुकानांत विचारलं, जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या फेऱ्या झाल्या. जुन्या बाजारात लिफ्ट मिळत नाही, पण लिफ्ट कुठे पडलाय हे सांगणारा माणूस मिळतो.

पहिला पाहिला तो स्क्रूचा होता. त्यात लांब आट्यांचा दांडा फिरतो आणि सगळा भार पितळी नटावर असतो. या नटाखाली दुसरा राखीव नट असतो. पहिला झिजला की दोघांतलं अंतर कमी होतं, म्हणून ते अंतर मोजायचं. इथे फट जवळजवळ संपलेली. विकणारा म्हणाला, "रंग नवीन मारलाय साहेब." मी म्हटलं, रंगाने गाडी उचलत असशील तर घेतो.

दुसरा मिळाला बंद पडलेल्या एका शोरूमच्या मागे, ताडपत्रीखाली. हायड्रॉलिक, चार टनी. तो मी उभा असतानाच, म्हणजे खांब फरशीवरून सोडवायच्या आधी, चालवून पाहिला. हे महत्त्वाचं. आडवा पडलेला लिफ्ट घेणं म्हणजे फोटो बघून बैल घेणं. गाडी अर्ध्यावर उचलून तासभर ठेवली, किती खाली बसते ते पाहिलं. दट्ट्यावर गंजाचे खड्डे आहेत का ते नखाने चाचपलं. दोन्ही बाजू बरोबर चढवणाऱ्या तारेच्या दोऱ्यांचे पीळ पाहिले. खांबातल्या सुरक्षा खिट्ट्या दोन्हीकडे एकदमच "टक" वाजतात का ते कान देऊन ऐकलं. कारण लिफ्टमध्येही उस्तादांचाच नियम: तेलावर उचलायचं, भार खिट्टीवर सोडायचा, मग खाली जायचं. दोऱ्या, सीलं, रबरी पॅड आणि पायाचे अँकर बोल्ट मी सगळे नवे घेतले. वापरलेला अँकर बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. हे सगळं धरून नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं.

घरी आणल्यावर तीन अडचणी. पहिली उंची. गाडी दीड मीटर, खाली उभं राहायला एक मीटर ऐंशी, झाले तीन मीटर तीस. आपल्या घरांचे स्लॅब तीन मीटरवर. माझं गॅरेज घराच्या बाजूला आहे, वर पत्रा, मधली उंची चौदा फूट, म्हणून निभावलं. दुसरी वीज: लिफ्टच्या मोटरला थ्री फेज लागते. महावितरणचं कनेक्शन वाढवून घेतलं. तिसरी अडचण खरी, जमीन. आपली नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चार-सहा इंच काँक्रीट पुरतं असं पुस्तिकेत असतं, पण ते घट्ट जमिनीवर. दोन खांबांचा लिफ्ट उलथायला बघतो, सगळा जोर बोल्टवर येतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून तिथून सळई बांधून पाया वर आणला. लिफ्टपेक्षा खड्ड्यालाच जास्त दिवस लागले. शेजारच्या वहिनींनी विचारलंसुद्धा, विहीर पाडताय का?

मग सभा. नोटिशीत "लिफ्ट बसविण्यास परवानगी" एवढंच छापलं होतं, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं "एक मजली घराला लिफ्ट कशाला" यावरच गेली. नंतर मुद्दा निघाला की हे गॅरेज आहे की पार्किंग? सोसायट्यांच्या पार्किंगवर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाचा नहालचंद खटल्याचा निकाल आलाच आहे, आणि २०१६ च्या रेरा कायद्याने व्याख्याच करून टाकली: वर छत आणि तीन बाजूंना भिंती म्हणजे गॅरेज, उघडी जागा नव्हे. माझ्या तिन्ही भिंती मोजून झाल्या. खरी भीती मात्र शेजाऱ्यांची होती, गाडी आमच्या भिंतीवर आली तर? ती भीती रास्तच होती. मी असतो तर मीही विचारलं असतं.

दुसऱ्या सभेत ठराव झाला: पायासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, धंदा करायचा नाही, रात्री आठनंतर काम नाही, काम नसताना मेन स्विचला कुलूप, आणि दरवर्षी तपासणीची नोंद सेक्रेटरींकडे. एक सभासद विरोधात राहिले, ते आजही आहेत, आणि त्यांच्या गाडीचा सायलेन्सर मी दोनदा बदलून दिला आहे.

फाल्गुन अमावस्येला समाधीवर लांबलांबून लोक येतात. त्या गर्दीत कुणाचा ना कुणाचा क्लच जळतो. गेली काही वर्षं अशी एखादी गाडी ढकलत आपल्या गेटवर येते आणि वॉचमन थेट माझ्याकडे पाठवतो. पैसे घ्यायचे नाहीत हा सोसायटीचा नियम आहेच. जाताना लोक बळेबळे गूळ, शेंगा देऊन जातात, ठरावात त्याबद्दल काही म्हटलेलं नाही.

नोंदवही सेक्रेटरींकडे आहे, कुणालाही बघता येईल. दर ज्येष्ठात आणि दिवाळीनंतर मी दोन्ही खांबांना ओळंबा लावतो. डावा खांब पहिल्या पावसाळ्यात केसभर हलला होता, त्यानंतर तिथेच आहे. तारेच्या दोऱ्या यंदा पुन्हा बदलायच्या आहेत.