कालभिन्न सैन्यांच्या काल्पनिक लढाया

कालभिन्न सैन्यांच्या काल्पनिक लढाया : वेगवेगळ्या काळांतील, प्रत्यक्षात कधीच समोरासमोर न आलेल्या सैन्यांची गाठ घालून निकालाचा अंदाज बांधणारा विचारप्रकार. घडलेल्या लढाईचा निकाल पालटून पुढचा इतिहास रचणारा पर्यायी इतिहास याहून वेगळा असून, १७६१ च्या पानिपतचा निकाल उलटा धरणारी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा त्या प्रकारात मोडते.

या विचाराचे सर्वांत परिचित प्राचीन उदाहरण रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथाच्या नवव्या खंडात आढळते. अलेक्झांडरने पूर्वेऐवजी इटलीकडे मोर्चा वळवला असता तर काय झाले असते, असा प्रश्न उपस्थित करून त्याने कौल अर्थातच रोमला दिला. अलेक्झांडर हा एकच माणूस होता, रोमकडे मात्र एकामागून एक सेनापती होते, आणि एक सैन्य बुडाले तरी दुसरे उभे करता येईल एवढे मनुष्यबळ होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. अलेक्झांडर (मृत्यू इ.स.पू. ३२३) आणि लिव्हीने कल्पिलेले रोमन सेनानी समकालीनच असले, तरी लिव्हीच्या डोळ्यांपुढे पुढील दीड-दोन शतकांत घडत गेलेले रोमन सैन्य होते, असे म्हणण्यास जागा आहे.

ही तुलना पुढे अंशतः प्रत्यक्षात उतरली. मॅसिडोनियन फॅलँक्स म्हणजे सारिसा नावाचे सुमारे पाच-सहा मीटर लांबीचे भाले धरलेल्या पायदळाचा दाट व्यूह. रोमन लीजन मात्र मॅनिपल नावाच्या लहान तुकड्यांत विभागलेले असे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसच्या हिशेबाप्रमाणे समोरासमोरच्या भिडंतीत एका रोमन सैनिकाला भाल्यांच्या दहा टोकांना तोंड द्यावे लागे, त्यामुळे सपाट, मोकळ्या जमिनीवर फॅलँक्सपुढे टिकणे अशक्यप्राय होते. पण खाचखळग्यांत व्यूह विस्कटला किंवा शत्रू पिछाडीस आला की त्याला झटकन वळता येत नसे. कायनोसेफली (इ.स.पू. १९७) आणि पिडना (इ.स.पू. १६८) येथे हेच घडले. तरीही या रोमन विजयांवरून लिव्ही बरोबर ठरतो, असे म्हणता येत नाही. अलेक्झांडरच्या लढायांत फॅलँक्सने शत्रूला जागीच खिळवून ठेवायचे आणि घोडदळाने निर्णायक घाव घालायचा, अशी विभागणी असे, आणि पिडनाच्या मॅसिडोनियन सैन्यात ती जोड उरलेली नव्हती.

शस्त्रास्त्रांच्या दृष्टीने जणू दोन युगांतली सैन्ये खरोखरच भिडल्याचे प्रसंगही आहेत. सुदानमधील ऑमडुर्मान येथे २ सप्टेंबर १८९८ रोजी मॅक्सिम तोफा आणि रायफलींपुढे महदीपंथीयांचे सुमारे दहा हजार लोक पडले, तर ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे पन्नासच्या आत. मात्र २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवाना येथे प्रामुख्याने भाले आणि ढाली घेतलेल्या सुमारे वीस हजार झुलूंनी रायफलधारी ब्रिटिश छावणी बुडवून तेरा शेंहून अधिक लोक मारले, कारण सेनापतीने सैन्य विभागले होते, छावणीला तटबंदी नव्हती आणि झुलूंनी ती दोन्ही बगलांनी वेढली. त्यामुळे भूमी, रसद, संख्या आणि हेरगिरी आधी न ठरवता केवळ शस्त्रांवरून दिलेला निकाल जवळजवळ निरर्थक ठरतो.

पटावरील युद्धखेळांत या अटी नियमांनीच बांधलेल्या असतात. १९९० च्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमावलीत इ.स.पू. ३००० पासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंतची सैन्ये आहेत, पण प्रत्येक बाजूला बाराच गट मिळतात; म्हणजे लिव्हीचा मनुष्यबळाचा मुद्दा खेळ सुरू होण्याआधीच बाद होतो. ललित साहित्यात मार्क ट्वेनने आर्थर राजाच्या दरबारात पोहोचलेल्या अमेरिकनाची गोष्ट सांगणाऱ्या १८८९ मधील कादंबरीत विजेची तारकुंपणे आणि गॅटलिंग तोफा यांच्या बळावर हजारो चिलखती सरदारांचा संहार दाखवला. पण त्याच प्रेतांच्या वेढ्यात कोंडलेले विजेते दूषित हवेने आजारी पडून मरू लागतात.