गोणपाटाच्या पडद्यामागचा संसार : कल्याण कॅम्पमधील घरांचा इतिहास

१/
फाळणी म्हटली की सीमारेषा, दंगली आणि माणसांनी ओथंबलेल्या रेल्वेगाड्या डोळ्यांपुढे येतात. उल्हासनगरच्या फाळणीकथेच्या मध्यभागी मात्र एक साधी वस्तू आहे : दोरीवर टाकलेला गोणपाटाचा पडदा. त्याच्या अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. त्या पडद्याच्या आडोशाने घर कसे उभे राहिले, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
प्रथम जागेविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणपासून काही किलोमीटरवर लष्कराची एक मोठी छावणी उभारण्यात आली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसे राहू शकतील, अशी तिची योजना होती. बराकींची संख्या दोन हजारांच्या वर होती. बहुतेक बराकींच्या मध्यभागी लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या असत. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली.

३/
ही रचना नीट ध्यानात घ्यावी. बराक हे सैनिकाचे निवासस्थान. सैनिक तेथे एकटा येतो, रांगेत झोपतो, हुकूम येताच निघून जातो. तेथे माजघर नाही, देवघर नाही, बाळंतिणीची खोली नाही. संसार या गोष्टीचा विचारच त्या आराखड्यात नव्हता. नेमक्या याच इमारतींत पुढे हजारो संसार मांडले गेले.

४/
ते का, हे समजण्यासाठी सिंधकडे पाहावे लागते. पंजाब आणि बंगाल यांची १९४७ मध्ये वाटणी झाली. त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. पंजाबच्या तुलनेने तेथे रक्तपात कमी झाला होता, त्यामुळे अनेक हिंदू कुटुंबे प्रारंभी थांबून राहिली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि निघून जाणाऱ्यांचा ओघ एकदम वाढला.

५/
पुष्कळांना ही ताटातूट तात्पुरती वाटत होती. घराला कुलूप लावून किल्ली मुसलमान शेजाऱ्याच्या हाती दिल्याच्या आठवणी सिंधी कुटुंबांत वारंवार ऐकू येतात. वातावरण निवळले की परतायचे, असा हिशेब होता. कराचीहून आगबोटी मुंबईच्या आणि काठियावाडच्या बंदरांना लागत होत्या. मुंबईत उतरलेल्यांपैकी हजारोंची रवानगी कल्याण कॅम्पकडे झाली.

६/
जे मागे राहिले, त्याचे स्वरूपही पाहावे. सिंधमधील हैदराबादच्या घरांच्या छपरांवर वारा पकडून खाली खोल्यांत सोडणारे उंच झरोके असत. त्यांना ‘मंघ’ म्हणत. घरात मोठा झोपाळा असे, त्याचे नाव ‘पींघो’. दुपारच्या गप्पा, बाळाला निजवणे, पाहुण्यांचे स्वागत, सारे त्याच्या साक्षीने चाले. कोकणातल्या ओटीवरचा झोपाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

७/
अशा घरांतून आलेली माणसे बराकीच्या दालनात उतरली. छावणीच्या क्षमतेहून माणसे पुष्कळ अधिक होती. एका दालनात अनेक कुटुंबे राहू लागली आणि भिंतींचे काम गोणपाट, चादरी, घोंगड्या आणि जुन्या साड्या यांच्याकडे आले. घराचे क्षेत्रफळ दोरीच्या लांबीवर ठरू लागले.

८/
गोणपाट दृष्टी अडवतो; आवाज अडवत नाही, धूर अडवत नाही, फोडणीचा वास अडवत नाही. एका घरातले मूल रडले की चार घरे जागी होणार. नवराबायकोचे भांडण हलक्या आवाजात होणार. कोणाकडे आज चूल पेटली नाही, हेही लपणार नाही. खासगीपणाचा असा संकोच कुटुंबाच्या इतिहासात क्वचितच इतका प्रत्यक्ष दिसतो. गरजेतून उभा राहिलेला शेजारधर्मही त्याच दालनात घडला.

९/
पाण्यासाठी रांगा, सामायिक शौचालये, पावसाळ्यातील चिखल, असा दिनक्रम सुरू झाला. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर आला. पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांतील स्त्रियांना आता सार्वजनिक नळावर उभे राहावे लागले. घराबाहेर पडण्याचे त्यांचे पहिले पाऊल एखाद्या सुधारकाच्या व्याख्यानाने पडले नाही. ते पाण्याच्या भांड्याने पडले.

१०/
पुढचे पाऊल पापडाने पडले. प्रारंभी निर्वासितांना फुकट शिधा मिळत असे. पुढे तो बंद करण्याचे सरकारी धोरण आले. मग बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, शिवणकाम केले. पुरुष आणि मुले तो माल आणि इतर किरकोळ वस्तू लोकलगाड्यांतून, गल्लीबोळांतून विकू लागली. उल्हासनगरच्या लघुउद्योगांची कथा सांगताना कारखान्याआधी पोळपाट-लाटण्याचा उल्लेख करणे न्याय्य ठरेल.

११/
पापड हा सिंधी घरात केवळ विक्रीचा माल नव्हता. आल्या पाहुण्यापुढे पाणी आणि पापड ठेवण्याची रीत जुनी. बराकीत बसायला खुर्ची नसेल, पाहुण्यासाठी वेगळी जागा नसेल, तरी ही रीत पाळता येत होती. ज्या चालीरीतींना जागा लागत नाही, त्या स्थलांतरात टिकतात. झोपाळा मागे राहिला, पापड सोबत आला.

१२/
हीच गोष्ट सणांची. ‘थदडी’च्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेल्या कोकी आणि गोड लोले खायचे. शीतलासप्तमीची ही रीत मराठी घरांनाही परिचित आहे. झुलेलालांचा ‘चेटीचंड’ तर गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतो. वेगवेगळ्या प्रांतांची दोन पंचांगे शेजारी आली आणि दोघांनाही आपले काही ओळखीचे सापडले.

१३/
भाषेचा प्रश्न अधिक अवघड होता. सिंधी भाषेची अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी इंग्रजांच्या काळात, १८५३ मध्ये प्रमाणित झाली होती. वडीलधारी मंडळी तीच वाचत. भारतात आल्यावर सिंधी देवनागरीत लिहावी की अरबी लिपीत, हा वाद पेटला. मुलांच्या डोळ्यांपुढे मराठी-हिंदीची देवनागरी आली. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येऊ नये, अशी वेळ पुष्कळ घरांवर हळूहळू आली.

१४/
ज्या समाजाला स्वतःचे राज्य उरले नाही, त्याची भाषा कोणत्या प्रांतात राहणार? उत्तर एकच होते : घरात. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान १९६७ मध्ये, एकविसाव्या घटनादुरुस्तीने मिळाले. मधल्या जवळजवळ दोन दशकांत ती अंगाईत, भांडणात, म्हणींत आणि स्वयंपाकघरात नांदत होती. म्हणून या घरगुती क्षणांना किरकोळ म्हणता येत नाही.

१५/
कल्याण कॅम्प हे एकच उदाहरण नव्हे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर वसले. एकाच छपराखाली पोलंड आणि सिंध, दोन्हीकडच्या आयांनी पाठोपाठ चुली मांडल्या.

१६/
८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली. उल्हास नदीवरून नाव ठरले : उल्हासनगर. गोणपाटाच्या जागी हळूहळू विटांच्या भिंती आल्या. १९५४ च्या भरपाई कायद्यानंतर पुष्कळांना मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी राहती जागा मालकीची करून घेता आली. तात्पुरता मुक्काम कायमचा झाल्याची ती कागदोपत्री कबुली होती. परतीचा हिशेब तेथे संपला.

१७/
शेजारच्या अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर उभे आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शिलाहार राजाचे नाव त्यामुळे जवळजवळ हजार वर्षे टिकले. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते. तेथे जेमतेम पाऊणशे वर्षांपूर्वी कोणत्या बराकीत किती कुटुंबे होती, पडदे कोणी शिवले, पहिला पापड कोणी विकला, याचा शिलालेख मात्र कोठेही नाही.

१८/
काही खुणा अद्याप शिल्लक आहेत. उल्हासनगरचे पत्ते आजही ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बराक नंबर’ यांनी सांगितले जातात. बराक पाडून तेथे इमारत उभी राहिली तरी पत्त्यात बराक राहते. लष्करी नकाशाचे आकडे असे घराघरांच्या दारांवर आणि टपालाच्या पाकिटांवर टिकून आहेत.

१९/
बाकीचा पुरावा माणसांच्या स्मरणात आहे आणि तो वेगाने नाहीसा होत आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेले आहे. ‘फाळणीविषयी सांगा’ असे विचारले तर अशी माणसे बहुधा तारखा आणि पुढाऱ्यांची नावे सांगतात. ‘पडदा कशाचा होता?’, ‘नळ किती दूर होता?’, ‘पहिल्या रात्री काय जेवलात?’ असे विचारावे. घराचा इतिहास तेथून उघडतो.

२०/
ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे, बोलीतील शब्द जसेच्या तसे ठेवावेत, सांगणाऱ्याच्या हातून खोलीचा कच्चा नकाशा काढून घ्यावा आणि त्यावर तारीख घालावी. जुन्या पेटीतील शिधापत्रिका, दाव्याचे कागद आणि अरबी लिपीतील पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. लिपी वाचता येत नसली तरी घ्यावीत. वाचणारा पुढे भेटू शकतो, कागद पुन्हा मिळत नाही.

#इतिहास #उल्हासनगर #फाळणी #मराठी