टेकड्यांची पाठराखण करणाऱ्या वंदना चव्हाण

पुण्याच्या राजकारणात पर्यावरणाचा प्रश्न सातत्याने लावून धरणाऱ्या लोकप्रतिनिधींमध्ये अॅड. वंदना चव्हाण यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. महापालिकेचे सभागृह ते राज्यसभा असा त्यांचा प्रवास झाला. पुण्यातील नामवंत वकील विजयराव मोहिते यांच्या त्या कन्या. त्यांनी स्वतःही वकिली केली.

1997-98 या वर्षी त्यांनी पुण्याचे महापौरपद भूषविले. महापौर हा शहराचा प्रथम नागरिक असला, तरी प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. त्यामुळे या पदाच्या मर्यादा उघड आहेत. परंतु त्याच सुमारास, 1997 साली, शहरालगतची गावे पालिकेत समाविष्ट झाली आणि पुढील संघर्षाची भूमी तयार झाली.

बाणेर, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा या परिसरांतील टेकड्या आता पालिकेच्या हद्दीत आल्या होत्या. समाविष्ट 23 गावांच्या विकास आराखड्यात या टेकड्यांवर ‘जैववैविध्य उद्यान’, म्हणजे बीडीपीचे आरक्षण प्रस्तावित झाले. टेकड्यांवर काही प्रमाणात तरी बांधकामास मुभा द्यावी, असा एक मतप्रवाह होता. मोबदल्याविना जमीन अडकून पडते, ही जमीनमालकांची तक्रारही निराधार नव्हती. चव्हाण यांनी आरक्षण पूर्णतः कायम ठेवण्याची भूमिका घेतली आणि ‘ग्रीन पुणे मूव्हमेंट’च्या माध्यमातून नागरिकांना संघटित केले. आराखडा पालिका तयार करते. अंतिम मंजुरी मात्र राज्य शासनाची. त्यामुळे हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर 2015 साली शासनाने आरक्षण कायम ठेवून आठ टक्के टीडीआरचा मोबदला निश्चित केला. हा मोबदला जमीनमालकांना अपुरा वाटल्याने भूसंपादनाची गती मंदच राहिली.

2012 साली राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे त्या राज्यसभेवर निवडून गेल्या. 2018 मध्ये त्यांची फेरनिवड झाली. 2023 साली पक्षात फूट पडली, तेव्हा त्या शरद पवार यांच्यासमवेत राहिल्या. एप्रिल 2024 मध्ये त्यांची मुदत संपली. जमिनीच्या वापराचा निर्णय खासदाराच्या अखत्यारीत नसतो. तरीही पर्यावरण आणि नागरी नियोजनाचे विषय त्यांनी दिल्लीत मांडले.

बिबवेवाडीकरांना या साऱ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अप्पर इंदिरानगरसारखी दाट वस्ती येथे उतारावरच उभी आहे. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात हाहाकार उडाला आणि अनेकांचे प्राण गेले. टेकडी पावसाचे पाणी मुरविते आणि ओढ्याकडे जाणारा लोंढा थोपवून धरते. त्यामुळे उतारावर काय बांधले जाते, याचा संबंध थेट पायथ्याच्या घरांशी येतो. टेकड्यांच्या आरक्षणाचा आग्रह हा केवळ हौशी वृक्षप्रेमींचा विषय नव्हे, हे त्या रात्रीने दाखवून दिले. आरक्षण कागदावर टिकले. ते जमिनीवर उतरविण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.