लगश, उम्मा आणि बांधाचं भांडण

जमिनीसाठी माणूस कायम भांडत आलाय, हे वाक्य आपण इतकं सहज बोलतो की त्याचा पुरावा कुणी मागतच नाही. आज पुरावाच पाहू. तपशिलानं लिहिलेल्या हद्दीच्या भांडणांतला बहुधा सर्वांत जुना.

दक्षिण इराकमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी लगश आणि उम्मा ही सुमेरी नगरराज्यं शेजारी होती. मध्ये गुएदिन्ना नावाचा सुपीक पट्टा. पाऊस तिथं नावालाच. कालव्याचं पाणी आलं तर जव पिकणार, नाहीतर नुसती भेगाळलेली माती. किशचा राजा मेसिलिम यानं हद्द मोजून दगड रोवला. उम्माच्या उश नावाच्या राज्यकर्त्यानं तो उखडला. आपल्याकडे बांध कोरतात, यानं बांधच नेला! पुढं इ.स.पू. २४५०च्या सुमारास लगशच्या एआन्नातुमनं लढाई जिंकली आणि शिळा उभारली. तिच्यावर शत्रूंची मुंडकी चोचीत धरलेली गिधाडं कोरली आहेत. तिचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहेत.

आता लगशचा दावा पाहा. (बहुतेक लेख लगशचेच, हे ध्यानात असू द्या.) ‘आम्हाला जमीन हवी होती’ असं ते म्हणत नाहीत. हद्द एनलिल देवानं आखली, निंगिर्सू आणि शारा या दोन देवांमध्ये. आम्ही फक्त देवाची मालमत्ता राखली. पण एआन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याच्या मातीच्या शंकूवर हिशेबही लिहिलाय. उम्मानं त्या पट्ट्यातलं जव कर्जाऊ घेतलं, व्याज चढत गेलं, फिटेना. मग उम्माच्या उर-लुम्मानं हद्दीच्या कालव्याचं पाणी वळवलं आणि दगड जाळले. देव बाजूला ठेवा, उरतं काय? थकबाकी आणि पाणी.

म्हणून ‘हा मनुष्यस्वभावच’ हे उत्तर मला पटत नाही. स्वभाव म्हटला की चौकशीच संपते. शिवाय या हकिकतीची सुरुवात लढाईनं नाही, मेसिलिमच्या लवादानं होते. तडजोडीची खटपटही तितकीच जुनी आहे. ती टिकली नाही, कारण दगड हद्द दाखवतो; दरवर्षी पाणी कुणी किती घ्यायचं, ते दगड ठरवत नाही.

शंभरेक वर्षांनी उम्माच्या लुगलझगेसीनं लगशची देवळं जाळली, लुटली. नंतर अक्कडचा सारगॉन आला. त्यानं लुगलझगेसीला गळ्यात खोडा घालून एनलिलच्याच दारात नेलं, आणि लगश, उम्मा, मधला पट्टा, सगळं स्वतःच्या राज्यात घेतलं.