टॉन्सिलचा खडा आणि न्यूयॉर्कची ६५ मुलं

परवा ऑफिसला निघताना आरशात टॉन्सिलवर पांढरा ठिपका दिसला. जोरात खोकलो तर बाहेरच आला. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण वास? विचारू नका! आईला फोन केला, तर उत्तर तयार : "टॉन्सिल्स काढूनच टाक एकदाचे. मामाचे नाही का काढले लहानपणी?"

याला टॉन्सिल स्टोन म्हणतात. टॉन्सिलच्या बारीक खळग्यांत अन्नकण, मेलेल्या पेशी आणि जंतू अडकतात, त्यावर कॅल्शियमचे क्षार साचून खडा बनतो. जंतू गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून ही दुर्गंधी. बहुतेक वेळा प्रकरण निरुपद्रवी.

मग "काढूनच टाक" आलं कुठून? शोधता शोधता अख्खा शनिवार गेला.

टॉन्सिल काढणं तसं जुनंच. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने ते बोटाने सोडवून काढायची पद्धत लिहून ठेवलीय. १८२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी त्यासाठी चक्क गिलोटिनसारखं हत्यार आणलं. पण खरी लाट आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शिकागोचे डॉ. फ्रँक बिलिंग्ज आणि इतरांनी मांडलं, की दात आणि टॉन्सिल्समध्ये दबा धरून बसलेले जंतू सांधेदुखीसारखे दूरचे आजार घडवतात. झालं! पोरांचे टॉन्सिल्स सर्रास निघू लागले.

१९३४ मध्ये अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कमधल्या ११ वर्षांच्या १००० मुलांची पाहणी मांडली. ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच गेलेले. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. 'ठीक' ठरलेली २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, त्यातल्या ९९ जणांना ऑपरेशन! राहिलेली ११६ पुन्हा दाखवली, तर आणखी ५१. सुटली फक्त ६५.

टक्केवारी काढून बघा, दर वेळी साधारण ४५! मुलं बदलली, निकाल तोच. म्हणजे बग मुलांच्या घशात नव्हता, तपासणाऱ्यांच्या सवयीत होता. आणि हा काही गमतीचा मामला नव्हता, भूल आणि रक्तस्रावाने त्या काळी मुलं दगावायचीसुद्धा.

आज हे ऑपरेशन वारंवार होणारा संसर्ग किंवा झोपेत श्वास अडकणं अशा कारणांसाठी करतात. खड्यांसाठी क्वचितच, फारच त्रास झाला तर. एरवी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जीभ-दात स्वच्छ ठेवणं, भरपूर पाणी. टोकदार वस्तूने उकरू नका, रक्त येतं. दुखत असेल, रक्त येत असेल किंवा एकच टॉन्सिल मोठा दिसत असेल, तर मात्र डॉक्टर गाठा.

आईला ६५ मुलांची गोष्ट सांगितली. म्हणाली, "बरं, मग गुळण्या तरी कर!" असो. पाणी गरम झालंय...