क्रॉफर्ड प्रकरण : कबुली, शिक्षा आणि पुनर्स्थापनेचा प्रश्न (१८८८-८९)

प्रास्ताविक

प्रतिष्ठित पदांवरील व्यक्तींच्या आर्थिक गुन्ह्यांचा अभ्यास बहुधा निकालापाशी थांबतो. आरोपानंतर कबुली द्यावी की नाही, शिक्षा प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते आणि त्यानंतर समाजात कोणते स्थान उरते, हे प्रश्न उपेक्षित राहतात. पुण्यातील क्रॉफर्ड प्रकरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

मामलेदार आणि तालुका

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मध्य विभागाचे रेव्हेन्यू कमिशनर होते. पुणे जिल्हा, आणि अर्थातच मावळ तालुका, त्यांच्या अखत्यारीत येई. मामलेदार हा तालुक्याचा केवळ महसुली अधिकारी नव्हता. फौजदारी खटलेही त्याच्यापुढे चालत. वडगावच्या कचेरीत मावळातील शेतकरी साऱ्यासाठी आणि न्यायासाठी एकाच अधिकाऱ्यासमोर उभा राही. असे पद लाच देऊन मिळवले गेल्यास तो भार अखेर रयतेवर पडणार, हे उघड होते.

तीन वाटा

१८८८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांना निलंबित केले. नेमणुका व बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. पुरावा मिळावा म्हणून पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले. क्रॉफर्ड यांचे मध्यस्थ हणमंतराव यांच्यावर फौजदारी खटला होऊन त्यांना कारावासाची शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांची मात्र न्या. विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने चौकशी केली. लाचलुचपतीचा आरोप आयोगाने मान्य केला नाही. अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका राहिला. त्यांना सेवा सोडावी लागली, परंतु कारावास टळला. पुढे १८९७ मध्ये पुणे व दख्खनवरील त्यांचे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले.

मामलेदारांची स्थिती सर्वांत विचित्र झाली. लाच दिल्याचे कबूल करणारा माणूस न्यायासनावर कसा बसू शकतो, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. १८८९ मध्ये त्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. तथापि काहींना पद गमवावे लागले. दिलेला शब्द सरकारने पाळावा, अशी भूमिका लोकमान्य टिळकांनी घेतली. येथे दोन्ही पक्षांत तथ्य होते. मावळच्या शेतकऱ्याला निष्कलंक न्यायाधीश हवा होता. परंतु वचनभंग झाल्यास पुढील साक्षीदार बोलणार नव्हता.

एक तुलना

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली होती. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते परतले, तेव्हा त्यांचे जाहीर स्वागत झाले. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. तुरुंगवास त्यांच्या प्रतिष्ठेच्या आड आला नाही. मामलेदारांच्या मात्र कबुलीच आड आली. पुनर्स्थापना शिक्षेच्या मुदतीपेक्षा कृत्याविषयीच्या लोकमतावर अधिक अवलंबून असते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मात्र जबरदस्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण मिळते. स्वेच्छा आणि सक्ती यांतील जो भेद १८८९ मध्ये कबुलीनंतर शोधावा लागला, तो आज कायद्यात आधीच नमूद आहे. कबुली देणाऱ्याला पुढे काय वाट्याला येणार, हे कबुलीपूर्वीच स्पष्ट असणे हा न्यायाचाच भाग होय, हे या प्रकरणाचे फलित मानावे लागेल.